वसंतातील बास आणि पावसाळ्यातील मरळ
(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्वत्तेचा विषय माझ्या हाती लागणे कठीण. पण आपण भोई लोक पाण्याकाठी वाढलेले. पूर्वजांच्या खांद्यावरची पालखी काळाने उतरविली, तरी हातातले जाळे अद्याप सुटलेले नाही. म्हणून ज्याविषयी आपणां सर्वांना जन्मतःच थोडे कळते, असाच विषय घ्यावा असे मनात आले. तो विषय मासा. मात्र हा मासा आपल्या गोदावरीतला नव्हे, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या तलावांतला आहे. त्याची हकिकत सांगता सांगता शेवटी मी आपल्याच तळ्याच्या काठावर येणार आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

माझी कन्या व जावई अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल शहरी नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्याकडे मी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मुक्काम केला. त्या शहरापासून मोटारीने तासाभरात गंटर्सव्हिल नावाचा तलाव लागतो. तलाव म्हणायचा, पण तो देवनिर्मित नव्हे. टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ साली एक सरकारी महामंडळ स्थापन झाले. पूर आवरावा, वीज निर्माण व्हावी व जलवाहतूक वाढावी या हेतूने त्याने नदीवर धरणांची मालिका उभारली. त्यांपैकी गंटर्सव्हिलचे धरण १९३९ साली पुरे झाले. या जलाशयाची लांबी सुमारे ७५ मैल आणि क्षेत्र सुमारे ६९,००० एकर. म्हणजे आपल्या पैठणच्या नाथसागराहून तो काहीसा लहान. नाथसागराप्रमाणेच त्याच्याही पोटात शेते बुडाली आणि अनेक कुटुंबांना आपली घरे सोडून उठावे लागले. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांतील बहुतेक मोठे तलाव असेच धरणांचे आहेत. तेव्हा ‘त्यांची नैसर्गिक समृद्धी निराळी’ असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पाणी त्यांनीही अडविले आणि आपणही अडविले. अडविलेल्या पाण्यातील जीवांशी कोण कसा वागला, हाच खरा प्रश्न.

या तलावांचा राजा म्हणजे मोठ्या तोंडाचा बास मासा. तिकडील उच्चार ‘बॅस’ असा काहीसा आहे; पण आपण आपल्या जिभेला सोयीचा ‘बास’ हाच शब्द घेऊ. अंग हिरवट, पोट पांढुरके, कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला काळसर पट्टा, आणि जबडा इतका मोठा की त्याची मागची कड डोळ्याच्याही मागे जाते. तो शिकारी मासा आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला किंवा बुडालेल्या झाडाच्या खोडाशी दबा धरून बसावे आणि जवळून जाणारा लहान मासा एका घासात गिळावा, ही त्याची रीत. आपल्यापैकी जाणत्यांच्या मनात एव्हाना मरळीचे नाव आले असेल. ते तसेच राहू द्या. आपल्याला तिच्याकडे यायचेच आहे.

आता या माशाचा वसंत पाहू. हिवाळ्यात पाणी थंड असते, तेव्हा बास खोल पाण्यात मंदपणे राहतो. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन वाढू लागते आणि पाणी सुमारे १३ अंश सेल्सिअसपर्यंत आले, की तो उथळ पाण्याकडे निघतो. पण एकदम काठाला येत नाही. खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्याच्या तोंडाशी, जुन्या ओढ्यांच्या बुडालेल्या पात्रांत, टेकाडांच्या उतारावर तो टप्प्याटप्प्याने मुक्काम करतो. या दिवसांत त्याला भूक फार, कारण पुढे विणीचे कष्ट असतात. तिकडचे शिकारी याच दिवसांची वर्षभर वाट पाहतात. पाणी १७ ते २१ अंशांच्या दरम्यान आले, म्हणजे अलाबामात साधारणपणे एप्रिलच्या सुमारास, वीण सुरू होते. फ्लोरिडात ती जानेवारीतही दिसते, कारण तो प्रदेश अधिक दक्षिणेचा आणि उष्ण. डॉगवुड नावाच्या झाडाला पांढरी फुले आली, की मासा काठाला आला असे तेथील जुने लोक समजतात. आपल्याकडे मृगाचा किडा दिसला की शेतकरी आभाळाकडे पाहतो, तसाच हा प्रकार. लोकांचे पंचांग सर्वत्र झाडापाखरांतच लिहिलेले असते.

विणीची हकिकत मोठी हृद्य आहे. नर बास कंबरभर किंवा त्याहूनही उथळ पाण्यात एक जागा निवडतो आणि शेपटीने गाळ झाडून ताटासारखा वाटोळा खळगा तयार करतो. स्वच्छ पाण्यात तळाशी हा फिकट रंगाचा वर्तुळाकार डाग वरून स्पष्ट दिसतो. मादी येते, हजारो अंडी घालते आणि निघून जाते. त्यापुढचा सारा संसार बापाचा! तो अंड्यांवर शेपटीने वारा घालावा तसे पाणी घालतो, गाळ बसू देत नाही आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. या काळात त्याचे स्वतःचे खाणे जवळजवळ सुटते. थोड्या दिवसांत अंडी फुटतात. पिले काही दिवस खळग्यातच राहून मग घोळक्याने वर येतात. ती सुमारे इंचभर होईपर्यंत, म्हणजे आणखी दोनएक आठवडे, बाप त्यांच्याभोवती पहारा करतो. ब्लूगिल नावाचे चपटे लहान मासे टोळीने टपून असतात. बाप क्षणभर दूर झाला, की ते घरट्यावर तुटून पडतात.

मासेमारीची पद्धतही थोडक्यात सांगतो. तिकडे बाससाठी जाळे टाकीत नाहीत. गळ, काठी आणि रीळ एवढीच साधने. आमिष बहुधा कृत्रिम असते. ओहायो राज्यातील निक क्रीम या गृहस्थाने १९४९ साली आपल्या पत्नीसह मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले, आणि त्या गांडुळाने या छंदाचे रूपच पालटले. ऋतूप्रमाणे आमिष बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्याखालच्या गवतावरून खुळखुळत जाणारा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा मासा ओढतात. विणीच्या दिवसांत काठालगत गांडूळ हळू सरकवितात. मे महिन्यात शॅड नावाच्या लहान रुपेरी माशांची वीण पहाटे गवताच्या कडेने चालते. त्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागावर उडणारे आमिष टाकले, की बास पाणी फोडून झेप घेतो. जून उजाडला आणि ऊन तापले, की मोठे मासे काठ सोडून बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेला, वीस-पंचवीस फूट पाण्यात जातात. विजेसाठी धरणाचे पाणी सोडले की तेथे प्रवाह सुरू होतो, प्रवाहाबरोबर शॅड वाहत येतात आणि बास खाऊ लागतो. म्हणून तेथील शिकारी वीजनिर्मितीचे वेळापत्रक पाहून होडी पाण्यात लोटतात. जुने पात्र कोठे वळत होते, पूल कोठे होता, हे ध्वनियंत्राच्या साह्याने शोधतात. आपले वाडवडील हेच काम बांबूने तळ चाचपून आणि मनातल्या नकाशावरून करीत, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला एप्रिलमध्ये एकदा होडीतून नेले. त्यांच्या गळाला चांगला टपोरा मासा लागला. मी मनात त्याचे कालवणही शिजविले! पण त्यांनी होडीत चिकटविलेल्या मोजपट्टीवर तो ठेवला, चौदा इंच भरला असे म्हणाले, आणि हात ओला ठेवूनच त्याला पाण्यात सोडून दिले. गंटर्सव्हिलवर पंधरा इंचांखालील बास घरी नेता येत नाही. तेथे आम्हां दोघांवाचून कोणी नव्हते. चार मैलांत शिपाई दिसत नव्हता. कायदा पाळला गेला तो पट्टीमुळे आणि त्या माणसाच्या मनामुळे. मी आयुष्यभर मुलांच्या हाती फूटपट्टी दिली. तिचा इतका थोर उपयोग मी प्रथमच पाहिला.

या शिस्तीमागे पुष्कळ विचार आणि व्यवस्था आहे. प्रत्येक तलावाचे माप निराळे. टेक्सासमध्ये १९८० साली झालेल्या लेक फोर्क तलावात १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. लहान नेता येतात, फार मोठा एखादा नेता येतो. पण वीण करणारा भरज्वानीतला मासा राखून ठेवला जातो. मासेमारीसाठी पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. १९५० साली अमेरिकेने कायदा केला, की काठ्या, रिळे व आमिषे बनविणाऱ्यांकडून येणाऱ्या उत्पादनशुल्काचे पैसे राज्यांना माशांच्या संवर्धनासाठीच वाटावेत. म्हणजे जो पाण्यातून आनंद घेतो, तोच पाण्याचे देणे फेडतो. अलाबामातलेच विमा विकणारे रे स्कॉट यांनी १९६७ साली बास पकडण्याच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या. प्रारंभी स्पर्धेतले मासे मरत. १९७२ पासून त्यांनी पकडलेला मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला आणि होडीत वाहत्या हवेची टाकी आली. एका विमेवाल्याने लाखो लोकांची सवय बदलली. हुकुमाने नव्हे, तर मासा सोडणे हे मानाचे काम ठरवून.

तथापि तेथेही सगळे एकमताचे नाहीत. घरट्यावर बसलेल्या बापाला गळाने डिवचून पकडावे की नाही, यावर तेथील शिकाऱ्यांत वाद आहे. तो भुकेने आमिष घेत नाही, पिलांच्या रक्षणासाठी त्याला तोंडाने उचलून दूर टाकू पाहतो, आणि तेथेच सापडतो. अभ्यासकांनी पाहिले आहे, की बाप पकडून नेला तर ब्लूगिल थोड्याच मिनिटांत घरटे लुटतात. उलट दक्षिणेचे मत्स्यतज्ज्ञ म्हणतात, की तेथे वीण दीर्घकाळ चालते, घरटी असंख्य असतात आणि बहुतेक मासे परत सोडले जातात. त्यामुळे एकंदर संख्येला धक्का लागत नाही. म्हणून दक्षिणेत बहुतेक ठिकाणी बारा महिने मुभा आहे. कॅनडाच्या आंटारिओ प्रांतात मात्र थंडीमुळे वीण थोड्या दिवसांत उरकते, म्हणून तेथील बहुतेक पाण्यांवर जूनच्या उत्तरार्धापर्यंत बासची मासेमारी बंद ठेवतात. यावरून एक गोष्ट शिकावी. नियम पाण्यागणिक निराळा असतो. पण नियम ठरविण्यापूर्वी माशाचा संसार नीट पाहावा लागतो, हे तत्त्व सर्वत्र एकच.

येथे कोणी म्हणेल, ‘गुरुजी, त्यांचे पोट भरलेले आहे, म्हणून त्यांना मासा सोडणे सुचते.’ हा आक्षेप मी खरा मानतो. बासचा जगातला विक्रम जॉर्ज पेरी या जॉर्जियातील गरीब तरुण शेतकऱ्याच्या नावावर आहे. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या हलाखीत, त्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून अधिक वजनाचा मासा पकडला. त्याचे वजन व माप नोंदवून घेतले. आणि घरी नेऊन कुटुंबासह खाल्ला. त्याला कोणी दोष देत नाही. २००९ साली जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली. भुकेने पकडलेला मासा हे पाप नव्हे. आपले हजारो संसार त्यावर चालले आहेत. तेथे वन्य बास विकण्यास मनाई आहे. आपल्याकडे विक्री हेच जीवन. म्हणून त्यांचे नियम उचलून आपल्या तळ्यावर चिकटवा, असे मी मुळीच म्हणत नाही.

तो मासा आणा असेही म्हणत नाही. जपानमध्ये १९२५ साली बास नेऊन सोडला गेला; पुढे त्याने मूळच्या माशांचा इतका फडशा पाडला, की बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तेथे २००३ पासून पकडलेला बास परत सोडण्यासच बंदी आहे. एका देशात सोडणे पुण्य, दुसऱ्यात सोडणे गुन्हा! आपल्या उजनीत परदेशी चिलापीने काय केले, हे तेथील बांधवांना विचारा. तेव्हा मासा आणू नका, शिस्त आणा.

आता आपल्या तळ्याच्या काठावर येऊ. बासचा बाप आपण पाहिला. आपली मरळ त्याहून तिळमात्र कमी नाही. पावसाळ्यात काठच्या गवतात जागा साफ करून ती अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पुढे लालसर पिलांचा घोळका पृष्ठभागावर उकळी फुटल्यासारखा खळबळत राहतो आणि त्याच्याखाली आईबाप, विशेषतः बाप, पहारा करतात. हे आपल्यातल्या दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक आहे. आणि त्या लाल घोळक्याच्या खाली गळ सोडला की मोठी मरळ हटकून लागते, हेही त्याला ठाऊक आहे. तीही भुकेने घेत नाही. पोरांसाठी धावते आणि सापडते. एका मरळीचे पैसे हाती येतात आणि शेकडो पिले त्याच दुपारी इतर माशांच्या व बगळ्यांच्या पोटात जातात. मरळ बाजारात जिवंत राहते, भाव चांगला मिळतो, म्हणून मोह मोठा. पण हिशेब करा: एका मरळीसाठी आपण पुढच्या किती मरळी विकून टाकल्या?

कोणी म्हणेल, सरकार मत्स्यबीज देते. देते, पण ते बहुधा रोहू, कटला व मृगळ यांचे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात या जातीच्या माशांची कृत्रिम वीण यशस्वी केली, आणि तेव्हापासून बोटुकली मिळणे सोपे झाले. सहकारी संस्था ती तळ्यात सोडतात. मरळीची पिले मात्र सहसा कोणी आणून सोडीत नाही. ती मरळच वाढविते, किंवा वाढत नाहीत. माझ्या बालपणी आमच्या गावतळ्यात आषाढात असे लाल घोळके पाच-सहा ठिकाणी दिसत. गेल्या पावसाळ्यात नातवाला दाखवावा म्हणून मी तीन दिवस काठाने फिरलो, एकच दिसला.

हीच गोष्ट चढणीच्या माशांची. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी ओढ्यातून तळ्यात उतरले, की पोटात अंडी घेऊन मासे उलट वर चढतात. आपण ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून बसतो. त्या दिवशी टोपल्या भरतात, हे खरे. पण त्या टोपल्यांत पुढील वर्षीचे तळे असते. पाण्यात सुरुंग किंवा विष वापरण्यास कायद्यानेच मनाई आहे आणि त्याविषयी मी येथे बोलत नाही. तसे करणारा आपला नव्हे. मी बोलतो आहे ते आपल्या सरळमार्गी, कष्टाळू बांधवांविषयी.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली: पिलांच्या घोळक्याखालची मरळ कोणी पकडू नये, आणि पकडलेली दिसली तर खरेदीला हात लावू नये. दुसरी: पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा दिवस ओढ्यांची तोंडे मोकळी ठेवावीत. तिसरी: मासे उतरविण्याच्या प्रत्येक ठिकाणी एक लाकडी मोजपट्टी टांगावी, कोणत्या माशाचे किती माप, हे जाणत्या मच्छीमारांनी व मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे.

पण याबरोबर एक चौथी गोष्ट अवश्य पाहिजे. ज्याच्या घरची चूल त्या दिवसाच्या माशावर पेटते, त्याला ‘पंधरा दिवस थांब’ म्हणणे भरल्या पोटी सोपे असते. त्या पंधरा दिवसांचे धान्य संस्थेने उचल म्हणून द्यावे आणि पुढे हप्त्याने फेडून घ्यावे. मंडळाच्या शिल्लकेतून त्याला हातभार लागावा. संमेलनाच्या भोजनात एक गोड पदार्थ कमी झाला तरी चालेल. ज्ञातीचे मंडळ कशासाठी असते? केवळ वधूवरांच्या याद्या छापण्यासाठी नव्हे. एकट्याला जे परवडत नाही ते सर्वांनी मिळून परवडविण्यासाठी असते.

तरुणांना एक सांगणे आहे. आपल्या आजोबांना पाण्याविषयी जे ठाऊक आहे, ते लिहून काढा. कोणता मासा कोणत्या नक्षत्रात काठाला येतो, कोठे अंडी घालतो, पिले किती दिवस सांभाळतो, याची वही करा. तापमापक घेऊन पाण्याची उष्णता रोज टिपा. तिकडे विद्यापीठे जे करतात, त्याचा पहिला धडा शाळेच्या वहीतही होऊ शकतो. ज्या समाजाने आपले ज्ञान लिहिले नाही, त्याला दुसऱ्याच्या नियमाखाली राहावे लागते.

त्या परदेशी माशाचे नाव आणि आपला एक रोजचा शब्द योगायोगाने सारखेच निघाले. पानावर बसलेला माणूस पोट भरले की ‘बास’ म्हणतो, आणि वाढणारी माउली हात आवरते. पाणी ही आपली माउली आहे. पण तिला हात आवरता येत नाही. ती वाढतच जाते. म्हणून ‘बास’ म्हणणे हे जेवणाऱ्याचेच काम आहे. ते आपण वेळेवर म्हणावे, म्हणजे आपल्या नातवंडांच्या पानातही मासा पडेल.